साडूएवढी उंच गाडी

माझ्या सासऱ्यांनी तीस-बत्तीस वर्षं एसटी चालवली. निवृत्त होऊन फुलंब्रीला घरी बसले, तरी दुसऱ्याच्या गाडीत बसलं की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. माझी पिकअप त्यांना आवडायची. हर्सूलच्या पुढं माझी रोपवाटिका आहे. मागं रोपांसाठी उघडा हौदा आणि पुढं पाच माणसांची केबिन, अशी ती गाडी मी घेतली, तेव्हा सासरे स्वतः शोरूममध्ये आले होते. पुढच्या सीटवर बसून त्यांनी काच खाली केली आणि म्हणाले, "हां जावईबापू, आता सोडा." त्या दिवसापासून ती सीट त्यांचीच. माझे वडील मी कॉलेजात असतानाच गेले. शेजारच्या सीटवरून कुणीतरी माझा गिअर बदलणं बघतंय आणि मान डोलवतंय, याचं मला किती अप्रूप होतं, ते बायकोलाही कधी सांगितलं नाही.

मग साडूनं तसलीच पिकअप घेतली.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. दौलताबादच्या अलीकडं त्याचा शेळ्यांचा मोठा गोठा आहे, आणि तो बघायला बीड-परभणीहून माणसं येतात. बोलायला मोकळा. सासूबाईंच्या गोळ्या कुठल्या वेळेच्या, सासऱ्यांचा कुठला गुडघा दुखतो, हे त्याला पाठ. मला दरवेळी विचारावं लागतं. त्याच्यात वाईट असं काही सापडत नव्हतं, हीच माझी अडचण होती. सापडलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

दसऱ्याला आम्ही दोघंही फुलंब्रीला गेलो. दारात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या, दोन्ही पांढऱ्या, दोन्हींना झेंडूचे हार. पण त्याची गाडी वेगळी दिसत होती. पिकअपचं बूड मुळातच जरा वर असतं आणि नाक खाली, माल भरल्यावर समान व्हावं म्हणून. त्याच्या गाडीचं नाक आताच वर होतं. ताठ. माझी तिच्याशेजारी मान खाली घालून उभी असल्यासारखी वाटत होती.

"पुढच्या स्प्रिंगच्या डोक्यावर दोन इंचांची चकती बसवून घेतली," साडू म्हणाला. "जालना रोडला एक गॅरेज आहे. तुम्हाला बसवायची असली तर सांगा साडूभाऊ, ओळख आहे आपली."

"मला कशाला?" मी म्हणालो. "माझ्या गाडीत रोपं असतात. मला काही मिरवायचं नाही."

तो हसला. त्याला ते लागलं की नाही, कळलं नाही. सासरे त्याच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आले, बॉनेटवर हात ठेवला, आणि सोनं वाटायला देवळाकडं निघालो तेव्हा त्याच्याच गाडीत पुढं चढून बसले. काच खाली करून मला म्हणाले, "या तुम्ही मागून."

एवढंच. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी मागून गेलो.

पुढच्याच आठवड्यात मी जालना रोडच्या त्याच गॅरेजात गेलो. साडूचं नाव सांगितलं नाही. त्याच्या ओळखीनं काम करून घ्यायचं नव्हतं, पण गाडी मात्र त्याच्याएवढीच उंच हवी होती. दुपारपर्यंत काम झालं. गाडी लिफ्टवरून खाली आली तेव्हा मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं, मग मोबाइलमध्ये फोटो काढला. घरी जाताना मुद्दाम सिग्नलला पुढं थांबलो.

चौथ्या दिवशी आवाज सुरू झाला.

हर्सूलच्या चौकात ब्रेक दाबला आणि पुढून खालून आलं, कट्ट. मला वाटलं, खडा उडाला असेल. रोपवाटिकेत गाडी मागं घेताना पुन्हा कट्ट. मग दर ब्रेकला. मोठा आवाज नव्हता. लाकडी खुर्चीत कुणी वजनदार माणूस बसावा तेवढाच. पण एकदा कानात बसल्यावर मला दुसरं काही ऐकूच येईना. गॅरेजवाल्याकडं गेलो तर तो म्हणाला, "नवीन काम आहे साहेब, सेट व्हायला वेळ लागतो. चार दिवस चालवा." चार दिवस चालवली. आवाज सेट झाला, गेला नाही.

"काहीतरी वाजतंय," बायको म्हणाली.

"रस्ता खराब आहे."

"गाडी थांबताना रस्ता कसा वाजेल?"

मी गाणी मोठ्यानं लावायला लागलो. डॅशबोर्डातल्या बाटल्या, कात्र्या, पावत्यांचे गठ्ठे सगळं काढून टाकलं. स्टेपनी हलवून बघितली. दुसऱ्या एका गॅरेजात पुढच्या दोन लिंक बदलल्या, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या त्या छोट्या दांड्या. तिसऱ्या ठिकाणी चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं. स्टिअरिंग सरळ झालं, आणि दोन दिवसांत पुन्हा डावीकडं ओढायला लागलं. आवाज होताच.

दिवाळीनंतर सासूबाईंना वेरूळला घृष्णेश्वराला जायचं होतं. साडूही घरच्यांना घेऊन आपल्या गाडीतून येणार होता. मी आधीच फोन करून ठेवला, "मामा, माझ्या गाडीत या." नाक वर केलेली गाडी त्यांनी अजून बघितली नव्हती. त्यांनी बघितली, "अरे वा" म्हणाले, आणि पुढं बसले. मला काय आनंद झाला! दुसऱ्या गतिरोधकावर त्यांनी हात पुढं करून गाणी बंद केली. तिसऱ्यावर म्हणाले, "जावईबापू, गाडी कायतरी सांगायली."

"नवीन काम आहे मामा. सेट होईल."

"आवाज सेट होत नसतो," ते म्हणाले. "एक तर जातो, नाय तर वाढतो."

येताना ते साडूच्या गाडीत बसले. गुडघा दुखतो, तिकडं पाय ठेवायला पायरी आहे, असं म्हणाले. पायरी होती, हे खरं. मी रिकाम्या सीटशेजारी गाडी चालवत आलो. बायको मागं होती. तिला पुढं ये म्हणायचंही मला सुचलं नाही.

त्यानंतर मी हट्टालाच पेटलो. रोपवाटिकेत बायकोला गाडी चालवायला लावायची आणि आपण कंबरेत वाकून, कान पुढच्या चाकाजवळ नेऊन, बरोबर चालायचं. आंब्याच्या कलमांपासून शेवंतीपर्यंत आणि शेवंतीपासून परत. ती ब्रेक दाबायची, मी ओरडायचो, "पुन्हा!"

तिसऱ्या फेरीला तिनं गाडी बंद केली. "अहो, तुमच्या साडूंना विचारा ना. त्यांनी पण तेच बसवलंय."

"त्याला कशाला विचारायचं?"

"मग असेच वाकून चाला," ती म्हणाली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

शेवटी एका गिऱ्हाइकानं शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. गल्ली इतकी अरुंद की गाडी बाहेर रस्त्यावरच उभी करावी लागली. मिस्त्री आले, गाडीकडं न बघता आधी माझ्याकडं बघितलं. मला गाडी चार फूट पुढं, चार फूट मागं घ्यायला लावली, दरवेळी जोरात ब्रेक. मी कुठून आवाज येतो ते सांगायला लागलो तर म्हणाले, "आवाज कानां से नै पकडते साब. लोहे में से आवाज घूमता. इधर का उधर सुनाई देता."

मग त्यांनी पेटीतून बायका लावतात ती लाल नेलपॉलिशची बाटली काढली. गाडीखाली पडून पुढच्या चाकांच्या प्रत्येक बोल्टवर एकेक रेघ मारली, बोल्टच्या डोक्यापासून खालच्या लोखंडापर्यंत सलग. "दो दिन चलाओ. शहर में ही, धीरे. जो बोल्ट हिलता, उसकी रेघ टूटती."

दोन दिवसांनी गेलो. पाच मिनिटं ते खाली होते. मग मलाही खाली बोलावलं. रस्त्यावर पोतं टाकून मी त्यांच्या शेजारी पडलो. बाकी सगळ्या रेघा सलग होत्या. डाव्या चाकाच्या खालच्या आर्मचा, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्याचा, जो बोल्ट, त्याची रेघ मधोमध तुटली होती. अर्धी इथं, अर्धी बोटभर तिथं.

त्यांनी समजावलं. हा बोल्ट चाकाचा कोन धरून ठेवतो. चकती बसवताना तो सैल करावा लागतो. पुन्हा कसायचा तो गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर. इथं गाडी हवेत टांगलेली असतानाच कसला होता, आणि तोही पुरता नाही. प्रत्येक ब्रेकला तो सरकत होता, त्याचाच आवाज. म्हणूनच अलाइनमेंट टिकत नव्हतं.

"घाट में जोर का ब्रेक लगा ना," मिस्त्री म्हणाले, "तो पहिया एकदम से टेढ़ा होता. फिर गाडी तुम्हारी नै सुनती." मग हात पुसत विचारलं, "कौन करा ये काम?"

मी गॅरेज सांगितलं.

"फिर उनके हाथ की जितनी गाड्यां, सब की देखना पडेंगा."

गाडी जमिनीवर ठेवून त्यांनी दोन्ही बाजू नीट कसल्या, अलाइनमेंट कुठं करायचं ते सांगितलं. मी शहागंजातून बाहेर पडलो. गतिरोधक, ब्रेक, वळण. शांत. इतके दिवस डोक्यात बसलेलं काहीतरी उठून गेलं.

आणि लगेच दुसरी गोष्ट मनात आली. ती लिहायला मला लाज वाटते, पण ती आली. साडूचीही सैल असेल. त्याचीही वाजेल. सासरे त्याच्याही गाडीतली गाणी बंद करतील आणि म्हणतील, गाडी कायतरी सांगायली. घरी पोचेपर्यंत मी तेच चघळत होतो, तोंडात गूळ धरावा तसं. त्याला फोन करायला हवा, हेही कळत होतं. मी स्वतःला सांगितलं, त्याची गाडी वाजत नाही, म्हणजे ठीक असेल. उगाच कशाला घाबरवायचं?

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गोठ्यावर गेलो. निमित्त लेंडीखताचं होतं. रोपांसाठी मी ते नेहमी त्याच्याकडूनच आणतो. खरं काय, ते मला ठाऊक होतं. त्याची पिकअप खताच्या ढिगासमोर उभी होती. तो बघायला आलेल्या माणसांना शेळ्या दाखवत होता. त्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "साडूभाऊ, किल्ली लावलेलीच आहे, घ्या बाजूला!"

मी त्याच्या गाडीत बसलो. मागं घेतली, ब्रेक दाबला.

कट्ट.

पुन्हा दाबला. पुन्हा. माझ्या आवाजाचा सख्खा भाऊ, पण अजून बारीक, शोधणाऱ्याच्याच कानाला लागेल एवढा. तो ऐकून मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी बरं वाटलं.

माणसं गेल्यावर साडू आला. माझी पोती स्वतः उचलून हौद्यात टाकू लागला. "काय, आवाज गेला का तुमचा? मामा काळजी करत होते."

"गेला."

"कुणी काढला?"

"आहे एक मिस्त्री."

"काय होतं पण?"

"बारीकसारीक," मी म्हणालो. आणि खत घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी रोपांना पाणी देत होतो. बायको फोन ठेवून बाहेर आली. "आई-बाबा काल धाकटीकडं मुक्कामाला होते. आता सगळे म्हैसमाळला निघालेत. आपल्यालाही बोलवत होती, मी नको म्हटलं. तुमचं तोंड बघून कुठं जायचं?"

"कुणाच्या गाडीत?"

"त्यांच्याच. अजून कुणाच्या?"

म्हैसमाळ म्हणजे आधी दौलताबादचा घाट, मग खुलताबादच्या पुढं तो दुसरा चढ. आणि येताना दोन्ही उतार. मी पाइप तसाच टाकला. साडूला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. मग सासऱ्यांना लावला. त्यांनी उचलला.

"मामा, कुठं आहात?"

"किल्ल्याखाली. हा तुमचा साडू पेरू घेऊ लागलाय, भाव करतोय. का हो?"

"गाडी हलवू देऊ नका. घाटात न्यायची नाही. पुढच्या चाकाचा बोल्ट सरकलाय तिचा. माझ्या गाडीचं तेच झालं होतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

काहीही सांगता आलं असतं. पण जे खरं होतं तेच तोंडातून आलं. "काल मी चालवली. ऐकलं."

मग फोन कानापासून लांब गेला आणि त्यांचा आवाज आला, भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचावा तसला. "ए, इकडं ये! किल्ली काढ!"

बायकोला घेऊन मी पोचलो तेव्हा सगळे पेरूवाल्यांच्या शेजारी झाडाखाली बसले होते. साडूची सहा वर्षांची मुलगी पेरू खात होती. साडू पांढऱ्याशुभ्र शर्टानिशी गाडीखाली बघायला रस्त्यावर आडवा झाला होता. मी खाली वाकून दाखवलं. इथं नेलपॉलिशची गरजच नव्हती. बोल्ट जिथून सरकला होता, तिथं लोखंडावर चकचकीत ओरखडा उमटला होता. उजव्या बाजूलाही.

तो बाहेर आला. शर्टाला माती. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "साडूभाऊ, तुम्ही आज देवासारखे धावून आलात."

सासरे माझ्याकडं बघत होते. मी बघितलं नाही.

त्याची गाडी रिकामी करून हळूहळू शहागंजला नेली. मिस्त्रींनी ती जमिनीवर ठेवून नीट केली. म्हैसमाळ राहिलं ते राहिलंच. पण पुढं महिनाभर साडू जिथं जाईल तिथं हेच सांगायचा. लग्नात, साखरपुड्यात, गोठ्यावर आलेल्या परक्या माणसांनासुद्धा. "ह्यांनी आमचा जीव वाचवला." मी बाजूला उभा. त्या कौतुकातसुद्धा मला त्याचा हेवा वाटायचा. इतक्या मोकळेपणानं कुणाचं कौतुक करणं मला कधी जमलं नव्हतं.

एक दिवस सासऱ्यांना गुडघा दाखवायला शहरात आणलं. ते माझ्या शेजारी बसले होते. समोर बघतच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही फोनवर 'काल ऐकलं' म्हणलात."

"व्हय."

"मग आदल्या दिवशीच का नाय सांगितलं?"

मागून हॉर्न वाजत होते. मी गाडी कडेला घेतली. "तुम्ही त्याच्या गाडीत बसता म्हणून," मी म्हणालो. पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं ते वाक्य उच्चारलं. ऐकायला ते जितकं लहान वाटतं, त्याहून बोलायला लहान वाटत होतं.

ते रागावतील, असं मला वाटलं. त्यांनी फक्त गुडघा चोळला. "मला सांगून काय उपयोग?" ते म्हणाले. "त्याला सांगा."

मी दुसऱ्याच दिवशी गोठ्यावर गेलो. तो शेळ्यांच्या खुरांना औषध लावत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: गॅरेज, मिस्त्री, त्या दिवशी त्याच्या गाडीत बसून ऐकलेला आवाज, 'बारीकसारीक'. त्यानं शेळीचा पाय सोडला, हात धुतले.

"माझी पोरगी होती गाडीत," तो म्हणाला.

"माहिती आहे."

"नाय, आवाज ऐकला त्या दिवशी तुम्हाला नव्हतं माहिती. पण कुणीतरी असणारच होतं की."

मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला नाही. एरवी यायचा.

चार-पाच महिने खत दुसरीकडून आणलं. त्यानं फोन केला नाही, मीही नाही. बायकोला मी सगळं सांगितलं होतं. तीही काही दिवस माझ्याशी कामापुरतीच बोलली. लग्नाकार्यात साडू ती गोष्ट आता सांगत नव्हता. कुणी विचारलंच तर "झालं कायतरी" म्हणायचा. माझी लाज त्यानं चारचौघांत उघडी केली नाही. त्याचाही मला राग आला, आणि मग स्वतःचाच आला.

पावसाळ्याच्या तोंडाशी तो स्वतः आला. गाडी फाटकाबाहेर उभी केली, आत आला, चहा घेतला. म्हणाला, गोठ्याभोवती चाऱ्याची झाडं लावायची आहेत, हादगा आणि शेवरी, कुठली रोपं चांगली? मी निवडून दिली. पैशांचा विषय त्यानं काढला तसा मी उडवून लावला. "मीच येतो लावायला," मी म्हणालो.

"या," तो म्हणाला.

रविवारी दिवसभर आम्ही दोघांनी खड्डे खणले, तो एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं. सासरे खुर्ची टाकून मधे बसले होते, कुणालाच काही न म्हणता. त्याची मुलगी रोपं आणून देत होती, एक त्याला, एक मला. जेवायच्या सुमाराला घाम पुसत मी मान वर केली आणि माझ्या लक्षात आलं, मी त्याचे खड्डे मोजतोय. त्याचे अकरा झाले होते. माझे आठ.